खांद्याचं टेंडन हाडाला परत 'उगवून' येईल का? टिश्यू इंजिनिअरिंग कुठवर आलंय

जुळारी (धागाकर्ता)

आरोग्य विभागात हल्ली खांद्याच्या ऑपरेशनवर बरेच धागे येताहेत आणि प्रत्येकात एक प्रश्न ठरलेला: "टेंडन हाडाला शिवलं होतं ना, मग एमआरआयमध्ये परत फाटलेलं कसं?" त्याखाली कोणीतरी लिहितंच, की परदेशात टिश्यू इंजिनिअरिंगने, म्हणजे प्रयोगशाळेत ऊती घडवून, नवीन टेंडन बनवतात, आपल्याकडे मुद्दाम करत नाहीत. मी बायोमटेरिअल्समध्ये काम करतो, डॉक्टर नाही. तेव्हा व्यनितून रिपोर्ट पाठवू नका. पण हा जोड मुळात कसा असतो आणि प्रयोगशाळेत बनवायला तो इतका का छळतो, ते सांगू शकतो.

टेंडन स्नायूला हाडाशी बांधतं, लिगामेंट हाडाला हाडाशी. दोन्ही हाडात जिथे रुजतात ती जागा म्हणजे एन्थेसिस. खांद्यातल्या सुप्रास्पायनेटस या स्नायूचं टेंडन घेऊ, कारण फाटण्यात त्याचा नंबर पहिला. ते हाडावर नुसतं चिकटलेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड एका टोकाकडून सरकवत नेली तर आधी निव्वळ टेंडन दिसतं, टाइप 1 कोलॅजनचे समांतर तंतू. मग तंतूंच्या मधे गोलसर पेशींच्या रांगा दिसू लागतात आणि टाइप 2 कोलॅजन येतं. ही तंतुमय कूर्चा (कार्टिलेज). मग एक रेघ, टाइडमार्क. रेघेपलीकडे कूर्चाच, पण आता तिच्यात कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज भरलेलं. आणि मग हाड. एवढं सगळं जेमतेम मिलिमीटरभरात.

इतका खटाटोप कशासाठी? हाड टेंडनपेक्षा साधारण शंभरपट ताठ असतं. टेंडनचा मापांक (ताठपणाचं माप) काहीशे मेगापास्कल, हाडाचा 20 गिगापास्कलच्या आसपास. असे दोन पदार्थ थेट जोडले की ओढ बसल्यावर ताण जोडरेषेवर, त्यातही तिच्या कडांवर एकवटतो. बागेतली रबरी नळी मधे फाटत नाही, नळाच्या तोटीशी फाटते, त्यातलाच प्रकार. शरीराने यावर काढलेला तोडगा म्हणजे तो मिलिमीटरभराचा पट्टा. त्यात तंतूंची दिशा बदलते, खनिज हळूहळू वाढतं, टेंडन रुंद होत हाडावर पसरतं आणि कॅल्शियमवाली कूर्चा हाडात वेड्यावाकड्या दातऱ्यांनी अडकलेली असते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ताठपणा टेंडनकडून हाडाकडे सरळ चढत जात असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. मधे एक पट्टा असा लागतो की तो टेंडनपेक्षाही मऊ आहे. स्टाव्ह्रोस थोमोपोलस आणि गाय जेनिन या अमेरिकेतल्या संशोधकांच्या गटाने हे मोजमाप आणि गणित दोन्हींनी दाखवलं. मऊ पट्टा ताण एका जागी साचू देत नाही. इंजिनिअरला सांगितलं की जोड मजबूत करायला मधे सर्वात नरम पदार्थ घाल, तर तो आधी आपल्याकडे संशयाने बघेल.

आता ऑपरेशन. सर्जन दुर्बिणीतून हाडात अँकर बसवतात आणि अँकरच्या दोऱ्यांनी टेंडन हाडावर दाबून धरतात. खाली दोन्ही सांधतात, पण व्रणाच्या ऊतीने. कूर्चेचा पट्टा, टाइडमार्क, खनिजाचा चढ, यातलं काही परत येत नाही. म्हणजे शरीराने जे टाळलं होतं तेच आपण करून ठेवतो: मऊ पदार्थ थेट कडक पदार्थाला.

म्हणून आकडे निराश करतात. 2004 साली लीसा गॅलट्झ आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आणि अतिमोठ्या फाटींच्या 18 रुग्णांची दुर्बिणीतून केलेली दुरुस्ती नंतर सोनोग्राफीने तपासली. 17 जणांची परत उघडलेली होती. घाबरू नका, लहान फाटी आणि तरुण रुग्णांत चित्र कितीतरी बरं असतं. आणि गंमत अशी, की त्या 18 पैकी बहुतेकांचं दुखणं वर्षभरात कमी झालं होतं, हातही वर जात होता. दुसऱ्या वर्षी मात्र खांद्याच्या कामाचे सरासरी गुण घसरले.

टिश्यू इंजिनिअरिंगचा सगळा आटापिटा इथे सुरू होतो. शिवण पक्की करणं हा एक उद्योग झाला, तो मिलिमीटरभर पट्टा परत घडवणं हा दुसरा. पहिल्यात आपण बरेच पुढे गेलोय. दुसरा माणसात अजून कोणालाही जमलेला नाही. जाहिरात वाचताना एवढा फरक डोक्यात ठेवा, बाकी खाली विचारा.

---

चाकणकर

वा! वाचनखूण साठवली. आमच्याकडे दोन धातू जोडताना मधे तिसऱ्या मिश्रधातूचा थर देतात. तसा तयार पट्टा छापून मधे का नाही ठेवत? थ्रीडी प्रिंटर तर आता गल्लोगल्ली आहेत.

---

जुळारी

@चाकणकर, नेमकं तेच करायचा प्रयत्न चालू आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेलेन लू यांच्या प्रयोगशाळेने 2006 च्या सुमारास तीन भागांचा साचा (स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारा सांगाडा) मांडला. एका टोकाला पीएलजीए या विरघळणाऱ्या पॉलिमरची जाळी, मधे त्याच पॉलिमरचे सूक्ष्म गोळे, दुसऱ्या टोकाला पॉलिमर आणि बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लासचं मिश्रण. पहिल्यात टेंडन-लिगामेंटच्या प्रकारच्या पेशी, मधल्यात कूर्चेच्या, तिसऱ्यात हाडाच्या. तिन्ही एकमेकांत सलग, म्हणून पेशी शेजार ओळखतात. उंदीरवर्गातल्या प्राण्यात त्वचेखाली ठेवल्यावर तीन वेगवेगळ्या ऊती वाढलेल्या दिसल्या.

पण त्वचेखाली वाढणं वेगळं आणि दिवसातून शेकडो वेळा ओढ बसणाऱ्या खांद्यात टिकणं वेगळं. शिवाय तुमच्या तिसऱ्या मिश्रधातूला दोन्हीकडे वेल्ड करता येतं. इथे साच्याच्या दोन्ही टोकांना परत जोड आलाच. एका नाजूक जोडाच्या जागी दोन होऊ शकतात.

---

सुतावरून_स्वर्ग

मी परदेशात याच विषयात पीएचडी करतेय, म्हणून थोडी भर. खनिजाचा चढ प्रत्यक्षात कसा देतात ते बघायला फार छान असतं. आधी इलेक्ट्रोस्पिनिंग. सिरिंजमधून पॉलिमरचं द्रावण हळूहळू सोडायचं, सुईला हजारो व्होल्ट जोडायचे, समोर फिरता ड्रम. सुईच्या टोकाचा थेंब ताणून शंकूसारखा होतो आणि त्यातून डोळ्याला न दिसणारा धागा सुटतो. काही वेळाने ड्रमवर पांढरी पापुद्र्यासारखी चादर जमते. ड्रम जोरात फिरवला तर धागे एका दिशेत बसतात, टेंडनमध्ये असतात तसे. हवेतली आर्द्रता बिघडली की धाग्यांवर मणी येतात आणि दिवस वाया.

मग खनिज. 2009 साली युनान शिया आणि थोमोपोलस यांच्या गटांनी जी युक्ती वापरली ती अगदी साधी आहे. चादरीचा तुकडा बाटलीत उभा ठेवायचा आणि शरीरद्रवासारखं, पण क्षार 10 पट असलेलं द्रावण तळापासून हळूहळू भरत जायचं. खालचा भाग सर्वात जास्त वेळ बुडतो, त्यावर खनिज जास्त बसतं. वरच्या टोकावर जवळपास नाही. चढ आपोआप तयार. महागडं यंत्र काही नाही, बाटली आणि पंप.

---

जुळारी

@सुतावरून_स्वर्ग, धन्यवाद. मण्यांचं दुःख समजू शकतो. मुंबईच्या पावसाळ्यात करून बघा एकदा.

---

हरकत_घेणारा

लेख चांगला, पण धागाकर्त्यांनी अपयशाबद्दल हात आखडता घेतलाय. डुकराच्या आतड्याच्या अस्तराचे पॅच आले तेव्हाही असंच सांगितलं होतं, की पेशी येऊन बसतील आणि नैसर्गिक टेंडन तयार होईल. पुढे काय झालं तेही लिहा.

---

जुळारी

@हरकत_घेणारा, रास्त हरकत. त्याचं उत्तर 2006 मध्ये जोसेफ आयानोटी यांच्या चाचणीत आलं. दोन टेंडनं फाटलेले 30 खांदे, चिठ्ठ्या टाकून दोन गट. 15 जणांना दुरुस्तीवर तो पॅच, 15 जणांना नुसती दुरुस्ती. पॅचवाल्यांत 4 सांधले, नुसत्या दुरुस्तीत 9. म्हणजे पॅच नसलेले बरे राहिले. अशा फाटींसाठी हा पॅच वापरू नये, असंच त्यांनी लिहून टाकलं.

त्याआधी प्राण्यांतले निकाल आशा वाटावी असे होते. या क्षेत्रात उंदीर-घुशी फार फसवतात. उंदीर वापरायचं कारण चांगलं आहे: त्याचं सुप्रास्पायनेटस आपल्यासारखंच हाडाच्या कमानीखालून जातं, जे बऱ्याच चौपायांत नसतं. पण उंदीर फार पटकन भरून काढतो, आणि आपण त्याचं टेंडन ताजं कापून लगेच शिवतो. माणसाचं टेंडन वर्षानुवर्षं झिजून फाटलेलं असतं आणि ऑपरेशनच्या टेबलावर येईपर्यंत आखडलेलं असतं.

---

मीरा_ठाणे

माझ्या सासऱ्यांना खांद्यासाठी एका क्लिनिकमध्ये "स्टेम सेल इंजेक्शन" सांगितलं. पॅकेज लाखाच्या वर. दोन इंजेक्शनं झाली, फरक शून्य, आणि आता तिसरं घ्या म्हणताहेत. बाबा म्हणतात एवढे पैसे घातलेत तर पूर्ण करूया. हे टिश्यू इंजिनिअरिंगच आहे का?

---

जुळारी

@मीरा_ठाणे ताई, तिसरं घेण्याआधी थांबा. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा प्रयोग समजायचा. प्रयोग म्हटलं की नीतिसमितीची मंजुरी हवी, सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी हवी आणि रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. क्लिनिककडे सीटीआरआय क्रमांक मागा. तो सार्वजनिक असतो, कोणालाही ऑनलाइन बघता येतो. पैसे मागताहेत आणि क्रमांक देत नाहीत, यातच काय ते समजा.

शिवाय बऱ्याच ठिकाणी "स्टेम सेल" म्हणून पीआरपी दिलं जातं, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट. तो वेगळा प्रकार, त्याचे निकाल संमिश्र आहेत. पावतीवर नेमकं काय लिहिलंय तेही बघा.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सांध्यात पेशी सोडल्या म्हणून त्या मिलिमीटरभर पट्ट्यावर जाऊन रांगेत बसत नाहीत.

---

लाल_माती

मी कोल्हापुरात फिजिओ आहे. तालमीतले पोरं येतात, खांदा शिवलेला असतो आणि दुसऱ्या महिन्यात विचारतात, जोर कधी मारू? उलट वयस्कर पेशंट तीन-तीन महिने हात गळ्यातून काढत नाहीत. दोघांना समजावताना माझी दमछाक होते. जोडाच्या बाजूने काही सांगता येईल का?

---

जुळारी

@लाल_माती, येईल, आणि मला हा भाग साच्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. एन्थेसिस जन्मतः तयार नसतो. जन्मानंतर स्नायूची ओढ बसत जाते तसा तो घडतो. नवजात उंदरांच्या खांद्याच्या स्नायूंना बोट्युलिनम विषाने लुळं पाडलं, तर कूर्चेचा पट्टा उशिरा आणि अर्धवट तयार झाला आणि खालचं हाडही कमी भरलं. म्हणजे ओढ हवी.

पण दुरुस्तीनंतरचा हिशेब नाजूक असतो. उंदरांत दुरुस्तीनंतर खांदा बांधून ठेवला तर पळवलेल्या उंदरांपेक्षा जोड चांगला बसला. आणि स्नायू विषाने पूर्ण लुळा केला तर परत वाईट. जास्त ओढ नको, शून्यही नको. तुमच्या पैलवानाला पहिलं वाक्य सांगा, आजोबांना दुसरं.

गुडघ्याचाही एक जुना आधार आहे. स्कॉट रोडिओ यांनी 1993 साली कुत्र्यांत टेंडन हाडाच्या बोगद्यात बसवून वेगवेगळ्या आठवड्यांनी ओढून पाहिलं. 8 आठवड्यांपर्यंत ते बोगद्यातून उपसून येत होतं. 12 आठवड्यांनंतर मात्र जोड धरून राहिला, दुसरीकडे तुटलं. आकडा कुत्र्याचा आहे, माणसाला तसाच लावू नका. पण दुसऱ्या महिन्यात जोर का नाही, याचं कारण यात आहे.

---

लाल_माती

छापून भिंतीवर लावतो. फक्त उंदराऐवजी बैल लिहितो, तालमीत तेच पटेल.

---

दातांची_ताई

दंतवैद्य आहे, आमचाही झेंडा रोवते. दात जबड्यात थेट रुतलेला नसतो. मुळावर सिमेंटम हा हाडासारखा पातळ थर, मग पेरिओडॉन्टल लिगामेंट, मग हाड, आणि लिगामेंटचे तंतू दोन्हीकडे घुसलेले: शार्पीचे तंतू. म्हणजे मऊ ऊतीचे एका दातापाठी दोन जोड! हिरड्यांच्या आजारात हेच जातं.

आम्ही यात ऑर्थोवाल्यांच्या आधीपासून आहोत. 1982 मध्ये स्टुरे निमन आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या दातावर पडदा बसवून दाखवलं, की हिरडीच्या वेगाने वाढणाऱ्या पेशींना आडकाठी केली तर लिगामेंटच्या पेशींना मुळावर पोचायला वेळ मिळतो आणि खरा जोड तयार होतो. साचा नाही, औषध नाही, नुसती चुकीच्या पेशींची वाट अडवली. आज या पद्धतीने रोज काम चालतं. जपानात तर रुग्णाच्याच लिगामेंटच्या पेशींच्या चादरी वाढवून 10 जणांच्या दातांवर बसवल्या, 2018 मध्ये ते छापून आलं.

---

जुळारी

@दातांची_ताई, मूळ लेखात हे घालायला हवं होतं असं वाटायला लावलंत. फरक एवढाच, की दाताच्या लिगामेंटमध्ये योग्य पेशींचा साठा शेजारीच शिल्लक असतो. खांद्याच्या एन्थेसिसमध्ये तसा साठा असतो तो बालपणी. नवजात उंदरांत ग्लाय-1 खूण असलेल्या पेशी असतात, त्याच पुढे खनिजवाली कूर्चा बनवतात. त्या वयात एन्थेसिसला इजा केली तर बऱ्यापैकी भरून येते. मोठ्या उंदरात त्या पेशी उरत नाहीत आणि भरूनही येत नाही. 2017 चं काम आहे. तेव्हापासून बरेच जण साचा सोडून या पेशी परत जाग्या कशा करायच्या याच्या मागे लागलेत. माझा स्वतःचा कल आता तिकडेच आहे, पोट जरी साच्यांवर चालत असलं तरी.

---

शाकाहारी_वाघ

प्रामाणिक शंका आहे, खवचटपणा नाही. ही पॅचेस कशाची असतात? डुकराचं वाचून आई ऑपरेशनलाच नको म्हणाली.

---

जुळारी

@शाकाहारी_वाघ, शंका योग्य आहे. गाय-बैलाचं कोलॅजन, डुकराची ऊती, दान केलेली मानवी त्वचा आणि कृत्रिम पॉलिमर, असे प्रकार असतात. गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटसाठी अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये परवानगी मिळालेला बेअर इम्प्लांट हा गोवंशाच्या कोलॅजनचा स्पंज आहे. बोस्टनच्या मार्था मरे यांचं काम. त्यात रुग्णाचं रक्त भरून तुटलेल्या दोन टोकांमध्ये ठेवतात, म्हणजे रक्ताची गुठळी टिकते आणि लिगामेंट स्वतःच्या टोकांतून वाढतं. त्या परवानगीतली अट होती: दुखापतीपासून 50 दिवसांच्या आत आणि खालच्या हाडाला लिगामेंटचं टोक शिल्लक असेल तरच. नीट पाहिलं तर इथेही एन्थेसिस बनवत नाहीत, असलेला वाचवतात.

आईंना सांगा, बहुतेक साध्या दुरुस्तीत पॅच लागतच नाही. लागणार असेल तर सर्जनला मूळ काय ते विचारायचा पूर्ण हक्क आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.

---

चाकणकर

अवांतर: मध्ये कुठेतरी अजगराच्या दातांवरून खांद्याचं काही बनवल्याची बातमी होती. खरी की व्हॉट्सअ‍ॅप?

---

सुतावरून_स्वर्ग

खरी आहे. 2024 ची, थोमोपोलस यांच्याच गटाची, ते आता कोलंबियात असतात. अजगराचे दात आत वळलेले असतात, भक्ष्य धरून ठेवतात पण कापत नाहीत. तशा दातांची छोटी पट्टी रेझिनमध्ये छापून टेंडन आणि हाडाच्या मधे बसवली, वर नेहमीचे दोरे. दोरा दोन-चार बिंदूंवर ओढतो आणि टेंडन चिरत जातो. दातांमुळे ओढ सगळीकडे वाटली जाते. मृतदेहांच्या खांद्यांवर चाचणी केली तेव्हा दुरुस्तीची ताकद जवळजवळ दुप्पट झाली. जिवंत माणसात अजून नाही.

---

हरकत_घेणारा

म्हणजे परत शिवणच पक्की केली. पट्टा घडवलाच नाही.

---

जुळारी

@हरकत_घेणारा, हो, पण हलक्यात घेऊ नका. जोड पहिल्या काही आठवड्यांत सरकला तर पुढे पेशींना घडवायला काही उरतच नाही. माझ्या मते आधी असली साधनं दवाखान्यात येतील, त्यांच्या अंगावर खनिजाचा चढ किंवा औषध बसवलेली दुसरी पिढी मागून येईल.

आपल्याकडची स्थिती कोणीतरी विचारणारच, म्हणून लिहितो. कूर्चेसाठी रुग्णाच्याच पेशी वाढवून बसवायच्या मुंबईतल्या एका कंपनीच्या उपचाराला 2017 मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत प्राण्यांच्या ऊतींपासूनच्या साच्यांवर बरीच वर्षं काम चाललंय. दोन्ही एन्थेसिससाठी नाहीत, पण हात तयार होताहेत.

---

मीरा_ठाणे

क्लिनिकला फोन केला. सीटीआरआय म्हटल्यावर "मॅनेजमेंटला विचारून सांगतो". तिसरं इंजेक्शन रद्द. आता बाबांना हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेतोय. तिथे काय विचारू?

---

जुळारी

@मीरा_ठाणे ताई, छान केलंत. फाट किती मोठी, एक टेंडन की दोन, आणि टेंडन किती मागे सरकलंय, हे विचारा. बाबांना मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. तंबाखू असेल तर सोडवा. उंदरांत निकोटीन आणि मधुमेह दोन्हींनी हा जोड कमकुवत भरतो, आणि हे दोन्ही आपल्या हातात आहेत. ऑपरेशन झालंच तर वेदनाशामक कोणती घ्यायची हे त्यांनाच विचारा, मेडिकलमधून मनाने आणू नका. इंडोमेथॅसिन आणि सेलेकॉक्सिब यांनी उंदरांत टेंडन-हाड जोड भरण्यात अडथळा आलेला आहे.

आणि एक नक्की विचारा: एमआरआयमध्ये स्नायूत चरबी किती भरलीय? टेंडन फार काळ तुटून राहिलं की त्यामागच्या स्नायूत चरबी शिरते. त्याची 0 ते 4 अशी गुतालिए श्रेणी असते, 1994 पासून वापरात आहे. 3 किंवा 4 असेल तर जोड कितीही चांगला झाला तरी ओढणारा स्नायूच उरलेला नसतो, आणि ती चरबी नंतर सहसा मागे जात नाही. मग डॉक्टर कदाचित शिवण्याऐवजी व्यायाम किंवा दुसरं ऑपरेशन सुचवतील. तसं सांगितलं तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.